परवलीचा शब्द : स्मृती, भाषा आणि यदृच्छा

परवलीचा शब्द, अर्थात ज्याला आज सर्वजण पासवर्ड म्हणतात तो, हा विषय वरवर पाहता यंत्रविद्येचा वाटतो. बँकेचे खाते, ई-मेल, विद्यापीठीय ग्रंथालयाचे दालन, एखाद्या संशोधकाने वर्षानुवर्षे हिंडून जमवलेली बोलींची ध्वनिमुद्रणे, ही सर्व आज आठ-दहा अक्षरांच्या एका मालेच्या आड ठेवलेली असतात. ती माला बळकट व यादृच्छिक असावी, असा उपदेश गेली अनेक दशके अव्याहत चालू आहे. आणि तो पाळला जात नाही, ही तक्रारही तितकीच जुनी आहे. तक्रार करणारे सामान्यतः माणसाच्या आळसाकडे व अज्ञानाकडे बोट दाखवतात. प्रस्तुत लेखकास हे निदान अपुरे वाटते. परवलीचा शब्द निवडणे ही मूलतः भाषिक कृती आहे, आणि भाषिक कृती स्वभावतःच यादृच्छिक असू शकत नाही. या दृष्टीने या शब्दाचा इतिहास पाहिला असता असे दिसून येते की, ज्याला माणसाचा दोष म्हटले गेले तो बहुतांशी भाषेचा धर्म होता. आणि जे उपाय फसले ते हा धर्म न ओळखल्यामुळे फसले.

प्राचीन काळाविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. पॉलिबियसने आपल्या इतिहासाच्या सहाव्या खंडात रोमन छावणीतील परवलीची पद्धत वर्णिली आहे. सूर्यास्ताच्या वेळी नेमलेला शिपाई सेनाधिकाऱ्याच्या तंबूत जाऊन त्या रात्रीचा शब्द लिहिलेली लाकडी पाटी घेई. ती पाटी साक्षीदारांसमक्ष एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जात जात अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत पोहोचली पाहिजे, असा दंडक होता. पाटी परतली नाही तर ती कोठे अडली हे तत्काळ शोधता येत असे. हिब्रू बायबलातील 'शिब्बोलेथ'ची कथा भाषाभ्यासकांच्या विशेष परिचयाची आहे. यार्देन नदीच्या उतारावर पळून जाणाऱ्या एफ्राइमी लोकांना हा शब्द उच्चारावयास लावीत, व आरंभीचा 'श' ज्याच्या तोंडून 'स' असा निघे त्याचा वध होई. असे ४२,००० लोक मारले गेले, असे ग्रंथ सांगतो. परंतु ही खरे म्हणजे परवल नव्हेच. शब्द सर्वांना ठाऊक होता; परीक्षा उच्चाराची होती. गुपित कोणतेच नव्हते, होती ती फक्त सवय. पुढील विवेचनात ही सवयच वारंवार आडवी येणार असल्याने कथेचा उल्लेख केला, इतकेच.

छावणीतील परवलीला दोन गोष्टींचे संरक्षण होते. ती एका रात्रीपुरती असे, आणि चुकीचा शब्द उच्चारणाऱ्याला दुसरी संधी सहसा मिळत नसे. अशा स्थितीत शब्द अगदी साधा असला तरी निभावून जाते. आधुनिक परवलीचे हे दोन्ही आधार सुटले आहेत. ती वर्षानुवर्षे तीच राहते, आणि तिच्यावर घाव घालणारे यंत्र अब्जावधी वेळा चुकले तरी थकत नाही.

या विषयातील पहिले सैद्धान्तिक विधान एका भाषाशिक्षकाने केलेले आहे, याची नोंद आपल्याकडे झालेली फारशी आढळत नाही. ऑग्यूस्त केर्कहॉफ्स हा मूळचा नेदरलंड्सचा, पॅरिस येथे जर्मन भाषेचा अध्यापक, पुढे 'व्होलाप्यूक' या कृत्रिम भाषेचा खंदा पुरस्कर्ता. त्याने १८८३ मध्ये लष्करी कूटलेखनावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला व चांगल्या कूटपद्धतीची सहा लक्षणे सांगितली. त्यांतील दुसरे लक्षण जगप्रसिद्ध आहे : पद्धत गुप्त असण्याची गरज नसावी, ती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. म्हणजे सारे गुपित किल्लीत असावे. आपल्याकडील मुलांची 'च'ची भाषा या कसोटीला उतरत नाही, कारण तिच्यात किल्ली अशी काही नाहीच. नियम कळला की सारे कळले. महानुभाव पंथाच्या सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांचेही तसेच. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांतील अक्षरसंकेत पंथाबाहेरील अभ्यासकांना उलगडले, तेव्हा एक पोथी नव्हे तर त्या लिपीतील सर्व पोथ्या एकदमच वाचनीय झाल्या.

केर्कहॉफ्सचे तिसरे लक्षण मात्र फारसे उद्धृत केले जात नाही. किल्ली कागदावर टिपून न ठेवता सांगता यावी व स्मरणात राहावी, असे ते लक्षण आहे. दुसरे लक्षण किल्लीवर सर्व भार टाकते. तिसरे ती किल्ली माणसाच्या स्मृतीत ठेवू पाहते. आणि स्मृतीत काय टिकते? ज्याला अर्थ आहे, लय आहे, नाते आहे ते, म्हणजे भाषा. शत्रूला तर्क करता येऊ नये अशी वस्तू आणि स्वतःला सहज आठवावी अशी वस्तू, या एकच असाव्यात अशी ही मागणी आहे. पुढील सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन लक्षणांमधील कलह होय.

या कलहाचे पहिले सुस्पष्ट दर्शन एनिग्मा यंत्राच्या प्रकरणी घडले. जर्मन सैन्याच्या या यंत्रावर काम करणाऱ्या तारायंत्र्याने प्रत्येक संदेशासाठी तीन अक्षरांची एक किल्ली स्वतः निवडावी, असा प्रारंभीचा नियम होता. रोमन वर्णमालेतील २६ अक्षरांतून अशा १७,५७६ किल्ल्या संभवतात. मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने १९३२ च्या अखेरीस यंत्राची अंतर्रचना गणिताने शोधून काढली; परंतु दैनंदिन किल्ल्या सोडवताना त्याला गणिताइतकेच साह्य तारायंत्र्यांच्या स्वभावाचे झाले. तेच अक्षर तीनदा घेण्याकडे त्यांचा कल होता. वरिष्ठांनी हे ओळखून अशा किल्ल्यांना बंदी केली. तेव्हा तारायंत्री कोणत्याही अक्षराची पुनरुक्ती टाळू लागले, आणि टाळणे हेही लक्षणच असल्यामुळे रेयेव्स्कीला तेवढे पुरले. बंदीने जुनी सवय गेली व तिच्या जागी दुसरी सवय आली. वाचकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. सत्तर वर्षांनंतर तोच प्रसंग अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडावयाचा होता.

महायुद्धाच्या काळात ब्लेचली पार्क येथील इंग्रज विश्लेषकांना हीच खाण सापडली. कोणी कळफलकावरील शेजारशेजारची अक्षरे घेई, कोणी प्रेयसीच्या नावातली. काही ठिकाणी एका तारायंत्र्याला लागोपाठ दोन वेळा तीन अक्षरे पुरवावी लागत. पहिली तीन एच्-आय्-टी असल्याचा तर्क झाला की पुढची तीन एल्-ई-आर् असणार हे सांगावयास गणित लागत नसे. हे लोक अशिक्षित नव्हते, बेजबाबदारही नव्हते. तीन अक्षरे 'सहज मनात आली तशी' लिहा असे सांगितल्यावर मनात जे सहज येते ते भाषेतूनच येते.

संगणकाच्या जगात परवलीचा प्रवेश मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत झाला. फर्नांदो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली, एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धती १९६१ च्या नोव्हेंबरात प्रथम दाखवण्यात आली. यंत्र एक, वापरणारे अनेक. तेव्हा प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राखण्यासाठी प्रत्येकाला एक गुप्त शब्द देण्याची योजना निघाली. पुढच्याच वर्षी ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने आपल्याला मिळालेला यंत्राचा वेळ अपुरा पडतो म्हणून सर्वांच्या शब्दांची यादी यंत्राकडूनच छापवून घेतली. १९६६ मध्ये तर ती यादी आपण होऊन बाहेर आली : दोन तात्पुरत्या दस्तऐवजांची अदलाबदल होऊन, यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकापुढे स्वागताच्या सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द छापले जाऊ लागले. कॉर्बातो यांनीच हा किस्सा ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात सांगितला आहे.

यादी उघडी ठेवू नये, हा धडा त्यातून निघाला. इंग्लंडमध्ये केम्ब्रिज येथे रॉजर नीडम यांनी त्यावर एक मार्मिक तोड काढली, आणि मॉरिस विल्क्स यांच्या १९६८ च्या ग्रंथात ती वर्णिलेली आहे. यंत्राने शब्द जपूनच ठेवू नये. शब्दावर अशी एक गणिती क्रिया करावी की जी एका दिशेने सुलभ व उलट दिशेने दुष्कर असेल, आणि केवळ फलित जपावे. धान्य दळून पीठ होते, पिठाचे धान्य होत नाही, तसा हा प्रकार. या योजनेमुळे एक विलक्षण पालट झाला, आणि तो तत्काळ कोणाच्या ध्यानात आला नसावा. चोराला आता शब्द चोरता येत नव्हता. त्याला तो ओळखावा लागणार होता. एकेक संभाव्य शब्द दळून पाहावयाचा व पीठ जुळते का ते तपासावयाचे. याचा अर्थ असा की, चोर आता कोशकार झाला. माणसे कोणते शब्द निवडतात, कोणत्या क्रमाने निवडतात, हे ज्याला अधिक चांगले ठाऊक तो अधिक लवकर यशस्वी होणार.

हे ज्ञान किती सुलभ आहे हे बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस व केन टॉमसन यांनी १९७९ च्या आपल्या निबंधात दाखवले. तो निबंध आजही मुळातून वाचण्याजोगा आहे. त्यांनी ३,२८९ प्रत्यक्ष वापरातील शब्द तपासले. त्यांपैकी १५ अवघ्या एका अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे, ४७७ चार अक्षरे वा अंक यांचे. ७०६ पाच अक्षरांचे, तेही सर्व लहान वा सर्व मोठ्या अक्षरांत लिहिलेले. आणि ६०५ सहा लहान अक्षरांचे. उरलेल्यांपैकी ४९२ शब्दकोशांत व नावांच्या याद्यांत सापडले. एकूण २,८३१, म्हणजे शेकडा ८६. या लेखकद्वयाने एक उपायही सांगितला. प्रत्येक शब्द दळण्यापूर्वी त्यात यंत्राने ४,०९६ प्रकारांपैकी एक खडा टाकावा, म्हणजे एकच दळण सर्वांना लागू पडणार नाही. या खड्याला त्यांनी 'मीठ' म्हटले आहे. पुढे तोच शब्द रूढ झाला.

दैवयोग असा की, नोव्हेंबर १९८८ मध्ये ज्या स्वयंप्रसारी आज्ञावलीने अमेरिकेतील हजारो संगणक खोळंबले, ती याच मॉरिस यांच्या मुलाने, त्या वेळी कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थी असलेल्या रॉबर्ट टॅपन मॉरिस याने लिहिली होती. तिच्यात इतर युक्त्यांबरोबर ४३२ शब्दांची एक लहानशी यादी होती. वापरणाऱ्याचे नाव, ते उलटे लिहून, मग ही यादी, मग यंत्रातलाच शब्दकोश, असा तिचा क्रम असे. वडिलांनी नऊ वर्षांपूर्वी मांडलेला सिद्धान्त मुलाने प्रयोगाने पडताळला असे म्हणावयास हरकत नाही.

असे का व्हावे? याचे उत्तर भाषाशास्त्राला पूर्वीच ठाऊक होते. जॉर्ज झिफ यांनी १९३५ मध्ये दाखवले की, कोणत्याही भाषेत थोडे शब्द अतिशय वारंवार व पुष्कळ शब्द अतिशय क्वचित येतात. परवलीच्या शब्दांची वारंवारिताही साधारणतः याच वळणाने जाते, असे अलीकडच्या अनेक अभ्यासकांना आढळले आहे; जुळणी तंतोतंत नाही, पण वळण तेच. २००९ च्या डिसेंबरात 'रॉकयू' या कंपनीकडून ३ कोटी २० लक्ष परवलीचे शब्द उघड्या स्वरूपात बाहेर पडले. त्यांत १ ते ६ हे अंक ओळीने लिहिणारे २,९०,७३१ होते. दुसरे उत्तर क्लॉड शॅनन यांचे. माहितीचे मोजमाप करण्यासाठी बिट हे एकक वापरतात; एका नाणेफेकीत जितकी अनिश्चितता असते तितका एक बिट. २६ अक्षरांपैकी एखादे केवळ दैवाने उचलले तर त्यात सुमारे ४.७ बिट असतात. परंतु शॅनन यांनी १९५१ मध्ये वाचकांना इंग्रजी गद्यातील पुढचे अक्षर ओळखावयास लावून असे अनुमान काढले की, मागचा संदर्भ पुरेसा दिला तर प्रत्येक अक्षरात खरी अनिश्चितता ०.६ ते १.३ बिट इतकीच उरते. बाकीचे सर्व भाषा आधीच सांगून टाकते. वाचनाच्या व श्रवणाच्या दृष्टीने हे वरदान आहे. गोंगाटातही आपल्याला बोलणे कळते ते यामुळेच. गुपिताच्या दृष्टीने तोच शाप ठरतो.

मराठी वाचकाला हे प्रमाण घरच्या उदाहरणाने अधिक पटेल. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. डोळे मिटून त्यांतील कोणताही एक शब्द काढला, अगदी ज्याचा अर्थ आज कोणालाच ठाऊक नाही असा काढला, तरी त्यात १६ बिटांहून किंचित कमीच अनिश्चितता असते. याउलट केवळ दैवाने काढलेल्या चार लहान रोमन अक्षरांच्या ४,५६,९७६ माला होतात. म्हणजे मोल्सवर्थ-कँडींची सारी कोशसंपदा चार निरर्थक अक्षरांपुढे उणी पडते. आणि ही चार अक्षरे तरी कितीशी सुरक्षित? आठ यादृच्छिक अक्षरांच्या २०,८८२ कोटी माला होतात. सेकंदाला १०० कोटी माला दळणारे यंत्र त्या साडेतीन मिनिटांत संपवील, आणि अशी यंत्रे आज दुर्मिळ नाहीत. आपण मराठी शब्द रोमन लिपीत लिहितो, तेव्हा तो परक्या चोराला कसा ठाऊक असणार, असा एक समज आपल्यात आढळतो. जोसेफ बोनो यांनी २०१२ मध्ये याहू कंपनीच्या सुमारे सात कोटी वापरकर्त्यांच्या शब्दांचे, शब्द न पाहता, केवळ वारंवारितेवरून विश्लेषण केले. परस्परांपासून दूर असलेले भाषासमाजही तेच दुर्बल शब्द निवडतात, आणि सर्वसाधारण यादी सोडून एखाद्या समाजाची खास यादी घेतल्याने हल्लेखोराचा लाभ दुपटीपलीकडे जात नाही, असे त्यांस आढळले. त्यांच्या अभ्यासात मराठीचा स्वतंत्र विचार नाही, हे खरे. तथापि मराठी माणूस आपल्या मुलाचे नाव व जन्मवर्ष लिहिताना जगाहून वेगळे काही करतो, असे मानावयास आधार नाही.

येथे राज्यकर्त्यांनी व कचेऱ्यांनी नियम केले. माणसाची निवड दुर्बल आहे तर ती नियमांनी बळकट करावी, अशी त्यामागील कल्पना. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत शब्द यंत्रानेच तयार करून द्यावेत असा शहाणपणाचा आग्रह होता. परंतु लोकांना ते आठवत नाहीत म्हणून तो मागे पडला, आणि निवड माणसाची व बंधने कार्यालयाची असा मध्यम मार्ग रूढ झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेच्या २००४ च्या मार्गदर्शिकेतील एका परिशिष्टाने या मार्गाला प्रतिष्ठा मिळवून दिली. तिचे प्रमुख लेखक बिल बर यांनी माणसाने निवडलेल्या शब्दातील अनिश्चितता मोजण्यासाठी शॅनन यांच्या इंग्रजीवरील आकड्यांचा आधार घेतला, आणि मोठे अक्षर व चिन्ह घातल्यास काही बिट वाढतात असे गृहीत धरले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे गृहीतक सदोष होते. शॅनन यांचे मापन सलग गद्याचे होते. परवलीचा शब्द हा गद्याचा तुकडा नव्हे. मॅट वीर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये उघड झालेल्या लक्षावधी शब्दांवर हे मोजमाप लावून पाहिले व ते विश्वसनीय नाही असे सिद्ध केले.

मोठे अक्षर हवे म्हटल्यावर लोकांनी पहिले अक्षर मोठे केले. अंक हवा म्हटल्यावर शेवटी १ लिहिला. चिन्ह हवे म्हटल्यावर उद्गारचिन्ह जोडले, नाहीतर 'ए'च्या जागी तत्सदृश चिन्ह घातले. दर तीन महिन्यांनी शब्द बदला म्हटल्यावर शेवटच्या १ चा २ झाला. याला आळस म्हणणे सोपे आहे. परंतु विकारणाचा अभ्यास करणाऱ्याला त्यात काय दिसते? प्रातिपदिक तेच ठेवून प्रत्यय बदलणे! नियमांनी यदृच्छा निर्माण झाली नाही, एक छोटेसे व्याकरण निर्माण झाले. आणि व्याकरण म्हटले की ते शिकता येते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये आपल्याच संस्थेतील सुमारे ७,७०० मुदत संपलेल्या खात्यांच्या शब्दांचा क्रमवार इतिहास तपासला. जुना शब्द हाती असेल तर शेकडा ४१ खात्यांत नंतरचा शब्द तीन सेकंदांच्या आत यंत्राने काढता येतो, आणि शेकडा १७ खात्यांत पाचाहून कमी प्रयत्न पुरतात, असे दिसून आले. तारायंत्र्यांवरील बंदीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. उपर्युक्त संस्थेने २०१७ मध्ये आपली मार्गदर्शिका मुळापासून बदलली. मिश्र अक्षरांची सक्ती व मुदतीचे बदल दोन्ही नकोत असे तिने सांगितले. बर यांनीही त्याच वर्षी, तोवर निवृत्त झाले असता, आपल्या जुन्या सल्ल्याविषयी जाहीर खेद व्यक्त केला. आपल्याकडील अनेक कचेऱ्यांत मात्र तो जुना सल्ला अद्याप भिंतीवर लटकलेला आहे.

मग उपाय कोणता? निवडीचा अधिकारच माणसाकडून काढून घेणे, हा. आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली फाशांची पद्धत या दृष्टीने महत्त्वाची आहे. पाच फासे टाकले असता ७,७७६ फलिते संभवतात. तितक्याच साध्या शब्दांची एक क्रमांकित यादी करावी. फाशांवर जो क्रमांक पडेल तो शब्द घ्यावा. असे सहा वेळा करावे. यादी सर्वांना उघड असावी, केर्कहॉफ्सचे दुसरे लक्षण पूर्ण व्हावे. प्रत्येक शब्दात १२.९ बिट, सहांत ७७.५. सेकंदाला १०० कोटींच्या वेगाने सर्व शक्यता संपवावयास सुमारे सत्तर लक्ष वर्षे लागतील. शब्द भाषेतले, म्हणून स्मरणात राहतात; शब्दांचा क्रम दैवाचा, म्हणून भाषेला त्यांतला पुढचा शब्द सांगता येत नाही. दोन्ही लक्षणांचा कलह येथे प्रथमच मिटलेला दिसतो. अट एकच : पडलेले शब्द आवडले नाहीत म्हणून पुन्हा फासे टाकावयाचे नाहीत. आवड आली की सवय आली.

याच सुमारास दुसरा मार्गही निघाला. स्मृतीची अटच सोडून द्यावी व प्रत्येक खात्यासाठी यंत्राने वीस-वीस अक्षरांची निरर्थक माला तयार करून आपल्याच कुलूपबंद वहीत ठेवावी. बहुतेक खात्यांसाठी हाच मार्ग योग्य आहे, आणि विद्यार्थ्यांनी तो निःशंकपणे पत्करावा. तरीही त्या वहीचे स्वतःचे कुलूप उरतेच, आणि त्याची किल्ली माणसाच्याच डोक्यात राहावी लागते. निदान त्या एका किल्लीसाठी फाशांची यादी हवी. ती यादी मराठीत करावयाची झाल्यास कोणत्या अडचणी येतील, हा प्रश्न आपल्या विभागाच्या कक्षेतला आहे.

पहिली अडचण लिपीची. देवनागरीत परवल लिहू देणारी ठिकाणे थोडी, आणि जेथे लिहू देतात तेथेही 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र यंत्रात दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवला जाऊ शकतो. डोळ्यांना अक्षर तेच, पण यंत्राने दोन्ही रीती एकरूप करून घेतल्या नाहीत तर दळण वेगळे. घरचा कळफलक एक रीत वापरील व कचेरीतला दुसरी. आणि टंकलेखन ठिपक्यांआड झाकलेले असल्याने चूक दिसणारही नाही. रोमन लिपी घ्यावी तर 'मूळ' व 'मूल', 'बाळ' व 'बाल', 'दिन' व 'दीन' या जोड्या एकरूप होतात. त्याहून बिकट म्हणजे, आपण शब्द ध्वनीने लक्षात ठेवतो. सहा महिन्यांनी 'माझा'तला 'झ' आपण कोणत्या रोमन अक्षरांनी लिहिला होता हे ध्वनी सांगत नाही. 'चमचा'तल्या 'च'चीही तीच गत. सबब ज्यांचे रोमन लेखन सर्व शिक्षित मराठी भाषक एकाच रीतीने करतील असेच शब्द घ्यावे लागतील. दीर्घ ई-ऊ, मूर्धन्य वर्ण, दन्ततालव्य व तालव्य असे दोन उच्चार असणारे च-ज-झ वर्ज्य करावे लागतील. सामान्यरूपे व अनेकवचने टाळावी लागतील, अन्यथा 'पान' व 'पाने' यांत स्मृतीचा गोंधळ होईल. शब्द जोडून लिहिले जाणार असतील तर आणखी एक गाळणी लागते : यादीत 'काम', 'गार' व 'कामगार' तिन्ही असतील तर दोन फलितांतून एकच माला निघेल आणि हिशेब तितका खोटा पडेल.

इतक्या गाळण्यांतून ७,७७६ शब्द उरणे कठीण दिसते. परंतु तितके लागतातच असे नाही. चार फाशांची १,२९६ शब्दांची यादीही चालते; इंग्रजीसाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१६ मध्ये मोठ्या यादीबरोबर अशा लहान याद्याही प्रसिद्ध केल्या आहेत. लहान यादीत दर शब्दाला १०.३ बिट मिळतात. सहा शब्दांचे ६२ होतात, सातांचे ७२. आठ शब्द घेतले तर ८२, म्हणजे मोठ्या यादीतील सहा शब्दांहून अधिकच. दोन-तीन अक्षरी, सुटसुटीत, रोज तोंडात असणारे १,२९६ मराठी शब्द एखाद्या एम्. ए. च्या वर्गाला एका सत्रात निवडून, रोमन लेखनाची एकवाक्यता वीस-पंचवीस भाषकांकडून तपासून, यादी म्हणून छापता येतील.